पहिल्या वर्षाचा पट



जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतून आलेल्या प्राध्यापकांच्या या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून बोलतो आहे. जिजाऊंच्या या बुलढाणा जिल्ह्यात, डॉ. पंजाबराव देशमुखांनी वऱ्हाडात रुजवलेल्या शिक्षणपरंपरेत माझी उभी हयात गेली. दोघांना वंदन करून विषयाकडे वळतो.

राज्याच्या उच्च शिक्षणाचे मूल्यमापन हा विषय. आढावा थोडक्यात घेतो. १९८३ साली अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले. १९९४ मध्ये महाविद्यालयांना श्रेणी देणारी नॅक आली, २०१०-११ पासून केंद्राचे उच्च शिक्षण सर्वेक्षण सुरू झाले, २०१६ पासून एनआयआरएफ ही शिक्षणसंस्थांची क्रमवारी लागू लागली. २०२१-२२च्या सर्वेक्षणात १८ ते २३ वयोगटाच्या तुलनेत नोंदणीचे प्रमाण देशात २८.४ टक्के, महाराष्ट्रात ३५.३ टक्के. आपण पुढे आहोत, असे यावरून सांगितले जाते. मला त्यावरच बोलायचे आहे. उरलेला आढावा राहिला तर राहू द्या.

हा आकडा प्रवेश मोजतो. दिवाळीनंतर वर्गात कोण उरले, हे तो विचारत नाही. गळालेल्याची जागा पुढच्या वर्षीचा नवा प्रवेश भरून काढतो आणि टक्का शाबूत राहतो. नॅकच्या नमुन्यात निकालाची टक्केवारी आहे, पण ती अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांवर काढायची. म्हणजे एक मोजणी दारात आणि दुसरी थेट शेवटच्या परीक्षेला. मधल्या काळात जे गेले, त्यांना कुठल्याच रकान्यात जागा नाही. एनआयआरएफ ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या विचारते, हे मान्य. पण त्या क्रमवारीत भाग घेणे ऐच्छिक आहे. आपल्या तालुक्यांतली किती महाविद्यालये त्या वाटेला जातात, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको.

सकाळच्या सत्रात दोन बाजू तावातावाने भांडल्या. एक म्हणाली, अनुदान श्रेणीशी जोडा. दुसरी म्हणाली, नॅकच बंद करा. मी दोघांना एक हकिगत सांगतो.

लोणार तालुक्यातल्या एका खेड्यातून एक मुलगी आमच्याकडे बी.ए.ला आली. पहिल्या चाचणीत वर्गात पहिली. सोयाबीनची सोंगणी झाली, कापसाची वेचणी लागली आणि ती दिसेनाशी झाली. वेचणी संपली तरी आली नाही, म्हणून मी तिच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "बारावीपावतर पास फुकट होता, सर. आता पैसे लागतात, अन् संध्याकायची गाडीबी बंद केली." एसटीचा मुलींचा मोफत पास बारावीला संपतो. पुढे सवलत मिळते, तरी तिसरा हिस्सा भरावाच लागतो. तेवढ्याने तिचे शिक्षण थांबले. तिची तुकडी तिसऱ्या वर्षाला पोचली तेव्हा आमच्या निकालाची टक्केवारी वाढली होती, कारण अडचणीतली मुले आधीच गेली होती. अहवालात ती वाढ आमचे यश म्हणून छापली गेली. तपासणीला आलेल्या मंडळींनी अभिनंदन केले. गळतीचे काय, असे मी त्या बैठकीत विचारले, तेव्हा नमुन्यात रकाना नाही असे उत्तर आले.

मित्रहो, अनुदान श्रेणीशी, म्हणजे तिच्यातल्या या टक्केवारीशी जोडले तर कमकुवत मूल बाहेर काढण्याचे बक्षीस मिळेल. नॅक बंद केली तर एवढाही कागद उरणार नाही. २०२४ मध्ये श्रेणीऐवजी मान्यता आहे किंवा नाही, एवढेच सांगणारी पद्धत जाहीर झाली. तिनेही माझ्या वर्गातले रिकामे बाक भरत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षभराने प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते, असे एक तरुण सहकारी म्हणाले. स्वतःच्या मर्जीने जाणाऱ्याला ती सोय जरूर द्या. पण गाडी नाही म्हणून घरी बसलेल्या मुलीला त्या हिशेबात घालाल, तर मी शेवटपर्यंत विरोध करीन.

आणि कोण का गेले, ही चौकशी करायची कोणी? तासिका तत्त्वावरच्या माणसाने? त्याला उन्हाळ्यात पगार नाही आणि पुढच्या जूनमध्ये तो इथे असेल याची खात्री नाही. विद्यार्थ्याला नावाने ओळखणारा शिक्षक हवा असेल, तर कायम जागा भरा. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा आपल्याला अभिमान आहे. पण जिल्ह्याची परीक्षा संग्रामपूर आणि मोताळ्याच्या कला शाखेत व्हावी.

माझी मागणी एकच. टक्केवारी पहिल्या वर्षाच्या पटावरून काढा. शंभर आले, तीन वर्षांत किती पदवी घेऊन गेले, उरलेले कुठे आहेत, एवढे प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी दर्शनी फलकावर लावावे. यासाठी एखादी छोटी समिती नेमू. तिच्यात कोण असावे आणि एसटी महामंडळाशी कोणी बोलावे, हे नंतर ठरवता येईल. या मागणीच्या ठरावाचे शब्द अजून पक्के झालेले नाहीत.

तो ठराव उद्याच्या खुल्या सत्रात मांडतो. विरोध करणाऱ्यांनी येताना आपापल्या महाविद्यालयाचा तीन वर्षांपूर्वीचा, प्रथम वर्षाचा हजेरीपट सोबत आणावा.