बर्लिनची सहल, विद्यार्थ्यांच्या बजेटमध्ये


तुमच्यापैकी कुणाची लेक, कुणाचा भाचा जर्मनीत शिकत असेल.
शनिवार-रविवार जवळ आला, की मित्रमंडळींचा बेत ठरतो...
चला, बर्लिनला!

पण खर्चाचं काय?
तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत
सत्राच्या शुल्कातच ‘डॉइचलांडटिकेट’ मिळतं.
देशभरातल्या साध्या, प्रादेशिक गाड्यांना ते चालतं.
वेगवान आयसीई गाडीला चालत नाही.

पुन्हा सांगते...
साधी गाडी चालेल. आयसीई नाही.

वेळ जास्त लागतो.
मध्ये गाडी बदलावीही लागते.
पण डबा आणि दोस्त सोबत असले, की कुणाला घाई असते?

बर्लिनच्या सिटी बसलाही हेच तिकीट चालतं.
100 नंबरची बस पकडा.
प्राणिसंग्रहालयापासून अलेक्झांडरप्लाट्झपर्यंत...
कितीतरी प्रसिद्ध इमारती खिडकीतूनच दिसतात.

संसदेचा काचेचा घुमट मोफत बघता येतो.
मात्र नावं आधी नोंदवायची.
बर्लिनच्या भिंतीवरची चित्रं,
म्हणजे ईस्ट साइड गॅलरी, तीही मोफत.

आणि हो... रविवारी बहुतेक दुकानं बंद!
पाव, दूध, फळं शनिवारीच घ्या.
रिकाम्या बाटल्या फेकू नका.
त्यांपैकी बहुतेकांवर अनामत रक्कम असते.
दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली, की ती रक्कम परत मिळते.
अर्थात... सोमवारी.