जाळ्याचा नकाशा आणि मातीतली तार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, ते आम्हांला भूगोल शिकवीत. नकाशा समोर आला की गावे आणि नद्या शोधण्यापूर्वी त्याच्या खालच्या कोपऱ्यातील बारीक अक्षरे वाचावयाची. तो कोणी काढला, कोणत्या साली आणि कशाच्या आधारे, हे आधी पाहावयाचे, अशी त्यांची शिस्त होती. पुढे माझे आयुष्य संगणकांच्या जाळ्यांची देखभाल करण्यात गेले. या व्यवसायातही नकाशे असतात हे बाहेरच्या मंडळींना सहसा ठाऊक नसते. आणि ते आता बहुतांशी माणसे काढीत नाहीत, यंत्रेच काढतात, हे तर त्याहूनही कमी जणांना ठाऊक असते. असा नकाशा आपोआप कसा तयार होतो आणि त्यात काय दिसत नाही, हा आजचा माझा विषय आहे. दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. परंतु पहिल्यावाचून तो कळावयाचा नाही.

प्रारंभी हे नकाशे हातानेच काढीत. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशांतून उभारलेल्या आर्पानेट या जाळ्यात डिसेंबर १९६९ मध्ये अवघी चार ठिकाणे होती : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस आणि सांता बार्बरा येथील दोन शाखा, स्टॅनफर्ड संशोधन संस्था आणि युटा विद्यापीठ. चार वर्तुळे आणि त्यांना जोडणाऱ्या चार रेषा. पाठकोऱ्या कागदाच्या तुकड्यावरही हा नकाशा मावला असता. पुढे ठिकाणे वाढत गेली, नवे नकाशे निघत राहिले, आणि अखेर अशी वेळ आली की हाताने काढलेला नकाशा शाई वाळण्यापूर्वीच जुना होऊ लागला. मग जाळ्यालाच त्याचा आकार विचारावा, ही कल्पना पुढे आली.

तिची पहिली पायरी फार साधी होती. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस या अमेरिकी संशोधकाने पिंग नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. दूरच्या संगणकाला हाक मारावयाची आणि ओ येण्यास किती वेळ लागला ते मोजावयाचे, एवढेच त्याचे काम. पाणबुडीतील सोनार यंत्राचा ध्वनी पाण्यातील वस्तूवर आपटून परत येतो, त्या आवाजावरून हे नाव पडले. पण हाकेला ओ मिळाली म्हणून मधली वाट कळत नाही. ती कळण्याची युक्ती व्हॅन जेकबसन यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रेसरूट या प्रोग्राममध्ये योजली. ती इतकी सुंदर आहे की तिच्यापाशी थोडे थांबलेच पाहिजे.

जाळ्यातून जाणारा निरोप तुकड्यातुकड्यांनी जातो. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर जसा पत्ता असतो, तसाच एक आकडाही असतो. वाटेतील प्रत्येक रूटर, म्हणजे पॅकेटला पुढची वाट दाखविणारे यंत्र, तो आकडा एकाने कमी करते. आकडा शून्यावर आला की पॅकेट तेथेच टाकून द्यावयाचे आणि पाठविणाऱ्यास तसे कळवावयाचे, असा नियम आहे. वाट चुकलेली पॅकेटे जाळ्यात अनंतकाळ भ्रमण करीत राहू नयेत, एवढ्याचसाठी ही तजवीज होती. जेकबसन यांनी तिचाच उपयोग हेरगिरीसाठी केला म्हणाना. एखाद्या जासुदाला मुद्दाम एकाच मुक्कामाची शिदोरी देऊन धाडावे. तो जेथे अडेल तेथल्या पाटलाने ‘तुमचा माणूस येथे थांबला’ असा निरोप परत धाडावा. मग दुसऱ्या जासुदाला दोन मुक्कामांची शिदोरी द्यावी, तिसऱ्याला तीन. घरबसल्या सगळ्या पाटलांची नावे ओळीने हाती येतात. आकडा १, मग २, मग ३ असा वाढवीत गेले की वाटेतील रूटर एकामागून एक आपली ओळख देतात.

ही एक वाट झाली. अशा लाखो वाटा एकावर एक रचल्या तर नकाशा होईल. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बिल चेस्विक आणि हॅल बर्च यांनी १९९८ मध्ये नेमके तेच आरंभिले. जगातील नोंदणीकृत जाळ्यांकडे ते रोज असे जासूद धाडीत आणि आलेल्या उत्तरांतून जवळजवळ एक लाख ठिपक्यांचे चित्र उभे करीत. एवढे ठिपके कागदावर मांडावयाचे कोठे? त्यासाठी गणितातील एक खेळ वापरला जातो. प्रत्येक ठिपका दुसऱ्या ठिपक्याला दूर लोटतो असे मानावयाचे, आणि जोडणारी प्रत्येक रेषा ताणलेल्या स्प्रिंगेप्रमाणे दोन्ही टोकांना जवळ ओढते असे मानावयाचे. मग ही ओढाताण स्थिरावेपर्यंत संगणकाने ठिपके हलवीत राहावयाचे. निघते ते चित्र प्रवाळासारखे किंवा पिसाऱ्यासारखे दिसते, आणि त्याच्या मोहात न पडणे अवघड आहे. मात्र आमच्या गुरुजींचा कोपरा येथे वाचला पाहिजे. या चित्रात वर म्हणजे उत्तर नव्हे. दोन ठिपके शेजारी आहेत याचा अर्थ ती गावे शेजारी आहेत असा नव्हे. त्यांच्यामध्ये समुद्रही असू शकतो.

याच दोघांनी १९९९ मध्ये, नाटोचे बॉम्बहल्ले चालू असताना, युगोस्लाव्हियाच्या जाळ्याचे दररोज मापन केले. मे महिन्याच्या आरंभी तेथील वीजव्यवस्थेवर हल्ले झाले, आणि चित्रातील ठिपके मावळले. बेलग्रेडमध्ये त्या रात्री काय घडत होते ते हजारो मैलांवरच्या एका कचेरीत रेषांच्या रूपाने उमटत होते. नकाशा काढण्याच्या विद्येचे सामर्थ्य आणि तिचा भयंकरपणा या दोन्ही गोष्टी या एका उदाहरणात आहेत, असे मला वाटते.

एखाद्या संस्थेच्या आतला नकाशा काढण्याची रीत थोडी वेगळी असते. तेथे स्विच नावाच्या पेट्यांना आपले शेजारी कोण आहेत ते ठाऊक असते. २००५ पासून त्यासाठी एलएलडीपी हा सर्वमान्य शिष्टाचार आहे, ज्यात प्रत्येक यंत्र ठरावीक अंतराने शेजाऱ्याला आपले नावगाव सांगते. नकाशा काढणारा प्रोग्राम एका स्विचकडे जातो, शेजाऱ्यांची यादी मागतो, त्या शेजाऱ्यांकडे जातो, पुन्हा यादी मागतो. शिरगणती करणारा जसा एका घरातून दुसऱ्या घरी जातो तसेच हे. जी यंत्रे अशी बोलकी नसतात, त्यांच्यासाठी गॉर्डन लायन यांनी सप्टेंबर १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला एनमॅप हा प्रोग्राम आहे. तो प्रत्येक यंत्राची दारे ठोठावून कोणते उघडे आहे ते पाहतो, आणि त्यावरून आत कोण राहते त्याचा अंदाज बांधतो. येथे समोर बसलेल्या तरुण माजी विद्यार्थ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या घराची दारे तपासणे वेगळे आणि दुसऱ्याच्या आळीत रात्री दारे ठोठावीत फिरणे वेगळे. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचे ४३ वे कलम मालकाच्या परवानगीवाचून संगणकात किंवा त्याच्या जाळ्यात शिरणाऱ्यास जबाबदार धरते. चेस्विक आणि बर्च यांच्याकडेही तक्रारी येत. ज्यांनी नको म्हटले त्यांची यादी करून ते त्यांना वगळीत. तेव्हा आधी लेखी परवानगी, मग नकाशा.

आता दुसरा भाग. असा आपोआप निघालेला नकाशा किती खरा मानावा?

पहिली अडचण अशी की जो उत्तर देतो तोच नकाशात येतो. गप्प बसण्याचा हुकूम असलेले यंत्र असूनही नसल्यासारखे राहते. दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. वाहतूक विभागण्यासाठी रूटर कधीकधी एकाच ठिकाणी जाणारी पॅकेटे दोन वाटांनी पाठवितात. आपला दुसरा जासूद डाव्या वाटेने गेला आणि तिसरा उजव्या, तर प्रोग्राम डावीकडचा दुसरा मुक्काम उजवीकडच्या तिसऱ्या मुक्कामाला जोडून मोकळा होतो. म्हणजे जगात नसलेली रेषा नकाशात उमटते. हा दोष टाळण्यासाठी फ्रान्समधील संशोधकांनी २००६ मध्ये पॅरिस ट्रेसरूट हा सुधारलेला प्रोग्राम पुढे आणला. हे दोष तंत्राचे आहेत आणि तंत्राने बरेचसे सुधारता येतात.

तिसरा दोष तसा सुधारत नाही. नकाशातील रेषा म्हणजे तार नव्हे.

१२ डिसेंबर १९८६ रोजी अमेरिकेचा न्यू इंग्लंड हा सारा ईशान्य प्रदेश आर्पानेटपासून तुटला. त्या प्रदेशाला जोडणाऱ्या रेषा नकाशात एक नव्हे, सात होत्या. सातही न्यूअर्क आणि व्हाइट प्लेन्स यांच्या दरम्यान एकाच फायबर केबलमधून जात होत्या, आणि ती केबल तुटली. पंधरा वर्षांनी, १८ जुलै २००१ रोजी, बाल्टिमोर शहराखालच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली. ती विझण्यास काही दिवस लागले. बोगद्यातून अनेक कंपन्यांची फायबरे जात होती, ती जळाली, आणि दूरदूरच्या शहरांतील इंटरनेट रेंगाळू लागले. ग्राहकांनी निरनिराळ्या कंपन्यांशी करार केले होते. बोगदा मात्र सर्वांचा एकच होता. आपल्याही देशाने हे अनुभवले आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरच्या दोन केबली निकामी झाल्या आणि भारतातून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक कोंडली. त्या केबली वेगळ्या होत्या, पण त्यांचा किनारा एकच होता.

मी स्वतः काही वर्षे एका मोठ्या रुग्णालयाच्या जाळ्याचे काम पाहत होतो. रुग्णालयाने दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून दोन जोडण्या घेतल्या होत्या. एक तुटली तर दुसरी चालावी हा हेतू. आमचा प्रोग्राम दर रात्री नकाशा काढी आणि त्यात एक हिरवी आणि एक निळी अशा दोन रेषा डौलाने वेगळ्या दिशांना जात. या तारा रस्त्याने नेमक्या कोठून जातात ते लेखी कळवावे, असे मी दोन्ही कंपन्यांना विचारले होते. ही माहिती गोपनीय आहे असे उत्तर दोघांकडूनही आले, आणि दोन्ही पत्रांची भाषादेखील जवळजवळ सारखी होती! एका पावसाळ्यात गटाराच्या कामासाठी आलेल्या जेसीबीने रुग्णालयापासून थोड्या अंतरावर खोदकाम केले. हिरवी आणि निळी रेषा एकाच मिनिटाला गेल्या. रक्ततपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत होत असे. तिचे अहवाल पडद्यावर येण्याचे बंद झाले. सायंकाळपर्यंत वॉर्डबॉय मंडळी चिठ्ठ्या घेऊन रिक्षाने ये-जा करीत होती आणि अतिदक्षता विभागातील डॉक्टर टेलिफोनवर आकडे उतरून घेत होते. कोणाचे बरेवाईट झाले नाही, ते त्या माणसांच्या धावपळीमुळे.

दुसऱ्या दिवशी सांधे जोडावयास आलेल्या लाइनमनबरोबर मी त्या तारांच्या वाटेने पायी चाललो. नाल्यावरच्या पुलाशी त्याने एक लोखंडी नळ दाखविला. दोन्ही कंपन्यांनी जागा भाड्याने घेतली होती ती त्याच नळात. ही गोष्ट त्याच्या बरोबरच्या सर्वांना अनेक वर्षे ठाऊक होती, असे तो अगदी सहज म्हणाला.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील पॉल बारफर्ड, रामकृष्णन दुराईराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्या देशातील लांब पल्ल्याच्या फायबरांचा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा हाच प्रकार आकड्यांत दिसला. त्यांनी नोंदलेल्या ५४२ वाहिन्यांपैकी ८९ टक्क्यांहून अधिक वाहिन्यांत किमान दोन कंपन्यांच्या तारा होत्या, आणि निम्म्याहून अधिकांत किमान चार. हे काम कोणत्याही प्रोग्रामने एका रात्रीत केलेले नाही. रस्त्यालगत खोदाईचे परवाने, जमीन वापराचे करार, सरकारी दप्तरांतील कागद वाचीत त्यांना चार वर्षे लागली. जगभर पॅकेटे धाडणाऱ्या विद्येला अखेर तलाठ्याच्या दप्तरासारख्या दप्तरात शिरावे लागले, याची मला गंमत वाटते. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू केले. खोदणाऱ्याने आधी विचारावे आणि खाली कोणाची तार आहे ते त्याला कळावे, हा त्याचा हेतू. खोदाईमुळे देशात दरवर्षी सुमारे १० लाख ठिकाणी फायबर तुटते आणि ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा अंदाज तेव्हा सरकारने दिला होता.

रुग्णालयात आम्ही त्यानंतर एका जोडणीचा मार्ग बदलून घेतला आणि प्रोग्रामच्या नकाशाखाली दुसरा एक नकाशा जोडला. तो पायांनी काढलेला आहे. त्यात खांब, पूल, नाले आणि झाकणे आहेत, आणि कोपऱ्यात प्रत्येक वेळी चाललेल्या माणसाचे नाव व तारीख आहे. वरचा नकाशा रोज रात्री आपोआप नवा होतो. खालचा दरवर्षी पावसाळा संपल्यावर, चिखल वाळला की, कोणीतरी चालल्याशिवाय नवा होत नाही. मी निवृत्त झाल्यावर हे काम तेथील एका तरुण अभियंतीने हाती घेतले. गेल्या खेपेस तिने मला तो दाखविला तेव्हा त्यात ११ ठिकाणी तांबड्या शाईची प्रश्नचिन्हे होती. त्यांतील चार तिला रस्ता रुंदीकरणानंतर नव्याने घालावी लागली होती.