घरच्या टाकीतील आजारी प्रवाळाची शुश्रूषा

प्रवाळ दिसायला झुडपासारखे किंवा खडकासारखे असले, तरी तो प्राणी आहे. बहुतेक प्रवाळ म्हणजे पॉलिप नावाच्या असंख्य लहान जीवांची वसाहत असते. प्रत्येक पॉलिपला एक मुख असते आणि त्याभोवती भक्ष्य पकडणाऱ्या स्पर्शकांचे, म्हणजे लवचिक तंतूंचे, कडे असते. कठीण प्रवाळ समुद्रातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन चुनखडीचा सांगाडा उभारतात, तर मऊ प्रवाळांच्या मांसल देहात चुन्याच्या केवळ सूक्ष्म काड्या विखुरलेल्या असतात. उथळ पाण्यातील बहुसंख्य प्रवाळांच्या पेशींत झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. प्रवाळाच्या ऊर्जेची सुमारे ९० टक्क्यांपर्यंतची गरज या भागीदारीतून भागू शकते. प्रवाळाचे आजारपण बहुधा याच भागीदारीच्या बिघाडातून सुरू होते, त्यामुळे त्याच्या शुश्रूषेत औषधापेक्षा पाणी, प्रकाश आणि प्रवाह यांच्या स्थैर्याला अधिक महत्त्व येते.

घरात प्रवाळ ठेवण्यापूर्वी कायद्याची बाजू ध्यानात घेणे आवश्यक आहे. सर्व कठीण प्रवाळांचा समावेश २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण मिळणाऱ्या प्राण्यांच्या यादीत, झाला. गोव्यात हरमल किंवा केरीच्या खडकांवरून असो, वा मुरगावसमोरच्या ग्रँड आयलंडच्या परिसरातून असो, समुद्रातून असे प्रवाळ काढणे, बाळगणे अथवा विकणे हा गुन्हा आहे. घरगुती टाक्यांत प्रामुख्याने लेदर, मशरूम, झोअँथस या नावांनी विकले जाणारे मऊ प्रकार आढळतात. परदेशातून आलेल्या कोणत्याही प्रवाळाविषयी खरेदीपूर्वीच वन खात्याकडे चौकशी करणे आणि विक्रेत्याकडून कागदपत्रे घेणे, हे पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.

आजाराची लक्षणे वेगवेगळी असतात आणि त्यांचे अर्थही वेगवेगळे असतात. पाणी फार तापल्यास किंवा प्रकाश एकाएकी वाढल्यास प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढुरका होतो. या अवस्थेला विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ मेलेला नसतो. त्याची पारदर्शक कातडी शाबूत असते आणि परिस्थिती सुधारल्यास शैवाल पुन्हा वाढून रंग परत येतो. याउलट कठीण प्रवाळाची कातडी सोलल्यासारखी निघून सांगाडा उघडा पडत असेल, तर तो ऊतींचा ऱ्हास असतो आणि तो अधिक गंभीर आहे. लेदर प्रवाळ कधी कधी काही दिवस मिटून राहतो, त्याच्या अंगावर मेणचट पापुद्रा येतो आणि नंतर तो गळून पडतो. पापुद्रा टाकणे हा त्याच्या जीवनक्रमाचा भाग असल्याने त्यावर औषध करू नये. मात्र देहाचा एखादा भाग काळपट, बुळबुळीत आणि दुर्गंधीयुक्त झाला, तर ती कूज समजावी.

रोगाचे कारण शोधताना प्रथम पाण्याची तपासणी करावी. प्रवाळाला साधारणपणे २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान आणि ३५ इतकी लवणता, म्हणजे १ किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, मानवते. अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी घटक चाचणीत शून्य दिसायला हवेत. नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र अत्यल्प प्रमाणात असावे, कारण अगदी पोषकरहित पाण्यातही प्रवाळ फिकट पडून उपाशी राहतो. पाण्याची आम्लाला तोंड देण्याची क्षमता, जिला अल्कलिनिटी म्हणतात, ८ ते ९ डीकेएच या मापाच्या आसपास ठेवावी. कठीण प्रवाळाच्या बाबतीत ४२० मिलिग्रॅम प्रतिलिटर कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियमही लागते. हे आकडे चुकलेले आढळले तरी ते एका दिवसात दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. अशक्त प्रवाळ थोड्या चुकीच्या पण स्थिर पाण्यात तग धरतो, परंतु अचानक झालेल्या बदलाने दगावू शकतो. त्यामुळे अल्कलिनिटी दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा आणि तापमान एका अंशापेक्षा अधिक बदलू नये, आणि आठवड्याला सुमारे दहावा हिस्सा पाणी बदलण्याचा क्रम चालू ठेवावा.

पेडण्यासारख्या किनारी तालुक्यात राहणाऱ्याला समुद्राचेच पाणी आणून वापरावे, असे सहज वाटेल. पण पावसाळ्यात तेरेखोल आणि शापोरा या नद्यांचे गोडे पाणी आणि गाळ किनाऱ्यालगतच्या समुद्रात मिसळतो, त्याची लवणता घटते आणि ते पाणी प्रवाळासाठी धोक्याचे ठरते. त्यापेक्षा आरओ यंत्रातून शुद्ध केलेल्या पाण्यात सागरी टाकीसाठी मिळणारे मीठ विरघळवणे इष्ट. डिचोलीसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या भागात तर हाच मार्ग व्यवहार्य आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि विहिरीच्या पाण्यात विरघळलेले धातू असू शकतात, म्हणून ते शुद्ध केल्याशिवाय वापरू नये. बाष्पीभवनात केवळ पाणी उडते आणि मीठ मागे राहते. त्यामुळे घटलेली पातळी भरून काढताना खारे पाणी न घालता शुद्ध गोडे पाणीच घालावे.

पाणी स्थिर झाल्यावर प्रकाश आणि प्रवाह यांकडे वळावे. विरंजित प्रवाळाला तेज प्रकाशाखाली ठेवल्यास उरलेसुरले शैवालही नष्ट होते, म्हणून त्याला टाकीच्या तळाशी किंवा अंशतः सावलीत हलवावे आणि रंग परतू लागल्यावर दोन ते तीन आठवड्यांत हळूहळू प्रकाश वाढवावा. प्रवाह एकाच दिशेने थेट अंगावर येणारा नसावा, तर दिशा बदलत राहणारा असावा; अशा प्रवाहाने अंगावरचा गाळ व पापुद्रा निघून जातो आणि ऊतींना प्राणवायू मिळतो. एकदा योग्य जागा दिल्यावर प्रवाळ वारंवार हलवू नये. लेदर प्रवाळ पाण्यात शेजाऱ्यांना अपायकारक रसायने सोडतो, त्यामुळे त्याच्याभोवती पुरेसे अंतर राखावे आणि गाळणीत सक्रिय कोळसा ठेवावा.

शैवाल गमावलेल्या प्रवाळाला बाहेरून अन्न देणे उपयुक्त ठरते. स्पर्शक बहुधा दिवे मालवल्यावर उघडतात. त्या वेळी पंप १० ते १५ मिनिटे थांबवून आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातील लहान कोळंबीवर्गीय जीवाची, पिल्ले पिचकारीने अलगद सोडावीत. आठवड्यातून दोनदा थोडे अन्न पुरते, कारण न खाल्लेले अन्न कुजून पाणी बिघडवते आणि त्यातून नवा आजार उद्भवतो.

ऱ्हास किंवा कूज चालूच राहिली, तर प्रवाळ टाकीबाहेर काढून टाकीतलेच पाणी भरलेल्या वेगळ्या भांड्यात उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातील आयोडीनयुक्त द्रावणात बुडवावा. त्यामुळे अंगावरचे चपटे कृमी निघून येऊ शकतात आणि जंतूंची संख्या घटते; वापरलेले द्रावण मात्र टाकीत परत ओतू नये. कुजलेला भाग कापावा लागल्यास स्वच्छ पात्याने निरोगी ऊतीच्या थोडे आतून काप घ्यावा, जेणेकरून कुजलेला अंश मागे राहणार नाही. माशांच्या रोगांवर वापरली जाणारी तांबेयुक्त औषधे प्रवाळाला मारक असल्याने ती या टाकीत कधीही घालू नयेत. झोअँथस आणि त्यांच्या जवळच्या जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत तीव्र विष असू शकते. त्यांना हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, आणि त्यांचा खडक स्वच्छ करण्यासाठी उकळू नये, कारण वाफेतूनही विषबाधा होते.

गोव्याच्या हवामानात दोन ऋतू विशेष जोखमीचे असतात. एप्रिल-मेमध्ये खोलीचे तापमान चढते तेव्हा पाण्यावर पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने ते थंड होते. परंतु दमट हवेत हा उपाय तोकडा पडतो आणि शीतयंत्राची गरज भासते. पावसाळ्यात वीज गेल्यावर प्रवाह थांबतो आणि पाण्यातील प्राणवायू झपाट्याने घटतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मे महिन्यातच सज्ज ठेवावा.

समुद्रातील प्रवाळालाही हीच संकटे भोगावी लागतात. ग्रँड आयलंडजवळील प्रवाळ नद्यांच्या गाळाने गढूळणाऱ्या पाण्यात राहतात आणि ते दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासाचा विषय झाले आहेत. त्याच किनाऱ्यावर उत्तरेला मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. मन्नारच्या आखातात तुतुकुडी येथील सुगंथी देवदासन सागरी संशोधन संस्था २००२ पासून प्रवाळाचे तुकडे पुन्हा रुजवण्याचे काम करते, आणि तेथेही पाण्याची स्थिती अनुकूल असल्याशिवाय रोपण टिकत नाही. डिचोलीच्या खाणपट्ट्यातून पावसाबरोबर वाहणारी लाल माती मांडवीतून समुद्रापर्यंत जाते, म्हणून खाणींच्या मातीचे ढिगारे रोखून धरणे हेदेखील प्रवाळाच्या शुश्रूषेतच मोडते. टाकी सांभाळणे अशक्य झाल्यास तिच्यातील जीव समुद्रात किंवा नदीत सोडू नयेत, कारण परके जीव आणि त्यांचे रोग स्थानिक प्रजातींवर आक्रमण करू शकतात. ते जाणकार पाळणाऱ्याच्या स्वाधीन करावेत. घरातील एका प्रवाळाला सावरण्यासाठी लागणारी मोजमापाची शिस्त आणि संयम ज्याने अंगी बाणवला, त्याने तीच दृष्टी किनाऱ्यावरील पाण्याकडे वळवावी. पेडणे आणि डिचोलीच्या पाळणाऱ्यांकडून गोव्याच्या समुद्राला एवढी अपेक्षा निश्चितच करता येईल.