पुढील भाग पुढील आठवड्यात

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मालिका दर आठवड्याला एकेक भाग अशी पाहावी, की सगळे भाग एका बैठकीत पाहून संपवावेत, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? परंतु आपल्या घरांत रात्री बारानंतर कोणकोणत्या खोलीत मोबाइलचा उजेड दिसतो आणि सकाळी चहाच्या वेळी कोण कोणाशी काय बोलतो, याचा क्षणभर विचार केला, तर हा विषय किरकोळ नाही, हे आपल्या ध्यानी येईल. प्रश्न मालिकेचा कमी आणि घरातल्या वेळेचा अधिक आहे.

आपला ट्रस्ट पन्नास वर्षांचा झाला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. म्हणजे आपली संस्था आणि आपल्या भागातील दूरचित्रवाणी ही जवळपास एकाच पिढीची अपत्ये आहेत. या काळात गोष्ट पाहण्याच्या तीन रीती आपण अनुभवल्या. प्रथम आठवड्याला एक भाग, मग रोज एक भाग आणि आता सारे भाग एकदम.

क्रमशः गोष्ट ऐकण्याची सवय मात्र दूरदर्शनहून पुष्कळ जुनी आहे. चातुर्मासात पोथीचा रोज ठरावीक भाग वाचून पोथी बांधून ठेवण्याची रीत आपल्याकडे घरोघरी होती. हरी नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. यमूच्या आयुष्यात पुढे काय झाले, हे जाणण्यासाठी त्या काळच्या वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे. इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकन्स यांची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी १८३६-३७ मध्ये महिन्यामहिन्याने छापली गेली. गोष्ट तोडून देणे ही लेखकांची आणि प्रकाशकांची जुनी युक्ती आहे. तिने वाचकाचे कुतूहल वाढे आणि अंकही खपे.

दूरदर्शनने हीच रीत पडद्यावर आणली. १९७७ च्या सुमारास मुंबई केंद्रावर 'चिमणराव-गुंड्याभाऊ' सुरू झाली. १९८४ मध्ये 'हम लोग' आली. २५ जानेवारी १९८७ पासून 'रामायण' दर रविवारी सकाळी दिसू लागले आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चालले. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९८८ रोजी 'महाभारत' आले. रविवारी सकाळी ओस पडणारे रस्ते आणि ज्याच्या घरी संच असे त्याच्याकडे जमणारी आळीतली मुले-माणसे, हे ज्येष्ठांना वेगळे सांगावयास नको.

त्या मालिकांच्या दोन भागांमध्ये जे दिवस मोकळे राहत, त्या दिवसांत काय घडत असे? दुकानात, कचेरीत, नळावर, शाळेच्या मैदानात त्या गोष्टीची चर्चा होई. पुढे काय होणार यावर पैजा लागत. 'हम लोग'च्या प्रेक्षकांनी लाखो पत्रे लिहिली. या मालिकेच्या आरंभीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार झाला, तेव्हा प्रेक्षकांचा कल पाहून निर्मात्यांनी तो सौम्य केला आणि कुटुंबातल्या सुखदुःखांवर अधिक भर दिला. मधला वेळ होता म्हणूनच प्रेक्षकाला बोलता आले आणि लेखकाला ऐकता आले. मालिका अर्ध्या तासाची असे. तिच्यावरचे बोलणे आठवडाभराचे असे.

तथापि जुन्या काळाचे गोडवे गाताना न्यायबुद्धी सोडू नये. आपण वाट पाहत होतो ती संयमामुळे नव्हे, दुसरा उपाय नव्हता म्हणून. एखाद्या रविवारी वीज गेली, पाहुणे आले, दुकान उघडावे लागले, तर तो भाग कायमचा हुकला. ज्या गृहिणीची त्याच वेळी स्वयंपाकघरात धांदल असे, तिच्या वाट्याला निम्मा भाग भिंतीआडून ऐकणेच येई. शिवाय लोकप्रियता वाढली की गोष्ट लांबविली जाई. 'रामायण' मुळात बावन्न भागांचे ठरले होते, ते अठ्ठ्याहत्तर भागांपर्यंत गेले. पुढे खाजगी वाहिन्या आल्या, दैनंदिन मालिका आल्या आणि लांबविण्याच्या या कलेला सीमाच राहिली नाही. एका लग्नाचा मुहूर्त पंधरा दिवस टळतो आणि एका वाक्यावर सात जणांचे चेहरे तीनतीनदा दिसतात. तेथे वाट पाहण्यातली गोडीही नाही आणि शेवटाचे समाधानही नाही.

अशा वेळी नवी रीत आली, ती अनेकांना सुटकेसारखी वाटली. नेटफ्लिक्स ही अमेरिकन कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली, तेव्हा ती चित्रपटांच्या डीव्हीडी टपालाने घरी पाठवीत असे. २००७ मध्ये तिने इंटरनेटवरून चित्रपट दाखविण्यास प्रारंभ केला. १ फेब्रुवारी २०१३ रोजी तिने 'हाउस ऑफ कार्ड्स' या मालिकेचे तेराही भाग एकाच दिवशी खुले केले. जानेवारी २०१६ मध्ये ही सेवा भारतात आली आणि जुलै २०१८ मध्ये 'सेक्रेड गेम्स'चे आठ भाग एकदम आले. एका बैठकीत अनेक भाग पाहण्याला इंग्रजीत 'बिंज वॉचिंग' म्हणतात. कॉलिन्स शब्दकोशाने २०१५ चा 'वर्षाचा शब्द' म्हणून याच शब्दाची निवड केली. 'बिंज' हा शब्द मुळात बेसुमार खाण्यापिण्यासाठी वापरला जातो, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

या रीतीचे गुण मान्य केले पाहिजेत. चांगली मालिका कादंबरीसारखी असते. सलग पाहिली की तिचे धागेदोरे स्पष्ट दिसतात. पाळीवर काम करणाऱ्याला, आजारातून उठणाऱ्याला, बाळाला घेऊन रात्र जागविणाऱ्या आईला आपल्या सोयीने पाहता येते. कोणताही भाग हुकत नाही. लेखकालाही जाहिरातींसाठी कथा ताणावी लागत नाही. आठ भागांत गोष्ट सांगून तो मोकळा होतो. तेव्हा तरुणांनी मालिका सलग पाहिली की ते बिघडले, असे म्हणणे योग्य नव्हे. एका रात्रीत कादंबरी संपविणारे वाचक आपल्या पिढीतही होते आणि त्यांचे आपण कौतुकच केले.

पण कादंबरी वाचताना पान उलटावे लागते. ते आपला हात करतो. नव्या व्यवस्थेत एक भाग संपताच काही सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो. पूर्वी पुढचा भाग पाहण्यासाठी काही करावे लागे. आता न पाहण्यासाठी काही करावे लागते. हा बदल लहान दिसतो, पण सारे मर्म त्यातच आहे. त्यातून प्रत्येक भागाचा शेवट मुद्दाम अशा ठिकाणी केलेला असतो, की मन अधांतरी राहावे. जेथे मनुष्य उठण्यास सर्वांत असमर्थ असतो, नेमक्या त्याच क्षणी त्याला उठण्याचा निर्णय घ्यावा लागतो. नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनी २०१७ मध्ये, आमची स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. विनोदाने काढलेले असले, तरी ते खोटे म्हणता येणार नाहीत.

याविषयी संशोधनही झाले आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात एक्कावन्न विद्यार्थ्यांना एकच मालिका दाखविली. एका गटाने ती सलग पाहिली, दुसऱ्याने रोज एक भाग आणि तिसऱ्याने आठवड्याला एक भाग या रीतीने पाहिली. दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा सलग पाहणाऱ्यांना सर्वाधिक आठवत होते. परंतु एकशे चाळीस दिवसांनी पुन्हा विचारले, तेव्हा त्यांचीच आठवण सर्वांत अधिक ओसरली होती आणि आठवड्याने पाहणाऱ्यांची अधिक टिकून होती. सलग पाहणाऱ्यांनी आपल्याला आनंदही तुलनेने कमी मिळाल्याचे नोंदविले. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण आपल्या शाळामास्तरांना हे ठाऊक होते. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेले पाठांतर पेपरापुरते टिकते, रोज थोडे केलेले जन्मभर पुरते. त्याच वर्षी बेल्जियममधील चारशे तेवीस तरुणांच्या एका अभ्यासात सलग मालिका पाहण्याची सवय आणि खालावलेली झोप यांचा संबंध आढळला. पडदा बंद झाला तरी मन त्या गोष्टीतच धावत राहते, हे त्याचे कारण संशोधकांनी दिले.

आता गंमत अशी, की कंपन्याच पुन्हा आठवड्याच्या रीतीकडे वळू लागल्या आहेत. डिस्नेने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपली सेवा सुरू केली, तेव्हा 'द मँडलोरियन' आठवड्याला एक भाग या क्रमाने दिली. ॲमेझॉनने २०२० मध्ये 'द बॉईज'च्या दुसऱ्या पर्वाचे तीन भाग एकदम आणि उरलेले दर आठवड्याला दिले, तेव्हा संतापलेल्या प्रेक्षकांनी त्या पर्वाला मुद्दाम कमी गुण दिले. नेटफ्लिक्सनेही 'स्ट्रेंजर थिंग्ज'चे चौथे पर्व २०२२ मध्ये दोन तुकड्यांत आणि पाचवे २०२५ मध्ये तीन तुकड्यांत आणले. यात आपल्या झोपेची काळजी आहे, असे कोणी समजू नये. जो एका रात्रीत सारे पाहतो, तो महिन्याचे पैसे भरून दुसऱ्या महिन्यात सेवा सोडू शकतो. जो वाट पाहतो, तो वर्गणीदार राहतो. मालिका एकदम देणे हा व्यापार होता आणि थांबवून देणे हाही व्यापारच आहे. म्हणून थांबण्याची जागा कंपनी आपल्या हितासाठी ठरवील, ही आशा व्यर्थ आहे. ती जागा आता घरानेच ठरविली पाहिजे.

आणि घर ती ठरवू शकते, याचा पुरावा आपण सर्वांनी पाहिला आहे. २०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा दाखविण्यात आले, रोज सकाळी आणि रात्री. जी मालिका प्रथम दीड वर्ष चालली, ती सुमारे तीन आठवड्यांत संपली. त्या वेळी वाट पाहण्याचा काळ उरलाच नव्हता. हीच मालिका मोबाइलवर सलग पाहायची म्हटली आणि एक भाग पस्तीस मिनिटांचा धरला, तर साडेपंचेचाळीस तास होतात, म्हणजे दोन दिवस-रात्रींहूनही कमी. तरीसुद्धा त्या टाळेबंदीत ज्या घरांत आजी-आजोबा आणि नातवंडे नऊ वाजता एकत्र बसली, त्या घरांत जुन्या रविवारचे काहीतरी परत आले. याचा अर्थ असा, की गुण आठवड्याचा नव्हता. गुण होता तो सर्वांच्या एका घड्याळाचा आणि पाहून झाल्यावर सर्वांनी मिळून बोलण्याचा.

आज एकाच घरात आजोबांचा भाग बैठकीत चालू असतो, सुनेचा स्वयंपाकघरातील मोबाइलवर आणि नातवाचा बंद खोलीत कानात यंत्र घालून. नातवाने पाहिलेले आजोबांना सांगावे, तर त्यांनी ते पाहिलेले नसते. मित्राला सांगावे, तर तो म्हणतो, पुढचे सांगू नकोस, माझे अजून दोन भाग राहिले आहेत. गोष्टी पूर्वीपेक्षा अधिक झाल्या, पण गोष्टींवर बोलण्यास माणूस मिळत नाही. हानी झाली आहे ती येथे.

यावर बंदी हा उपाय नव्हे. बंदीने मुले खोलीचे दार अधिक घट्ट लावतील. मी आपणांपुढे तीन साध्या सूचना ठेवतो.

पहिली सूचना अशी, की किती भाग पाहायचे हे सुरुवात करण्यापूर्वी ठरवावे. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करता येते, ती करावी. आणि भागाच्या शेवटी थांबणे जमत नसेल, तर मध्येच थांबावे. शेवटाच्या आधी दहा मिनिटे उठणे हे शेवट पाहून उठण्याहून सोपे असते, कारण गळ शेवटाला लावलेला असतो.

दुसरी सूचना, घराने मिळून एक मालिका निवडावी आणि तिला एक वार द्यावा. सर्व भाग उपलब्ध असले तरी आठवड्याला एकच पाहावा. निवडीचा पहिला मान मुलांना द्यावा. त्यांची भाषा आणि त्यांचे विनोद आपणांस कळले नाहीत, तर विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

तिसरी सूचना घरातील एकट्या वृद्धांविषयी आहे. अनेकांना दिवसभर चालणारी मालिका हीच सोबत असते. त्यांना "किती वेळ टीव्ही पाहता!" असे म्हणण्यापूर्वी, तो टीव्ही ज्याची जागा भरून काढतो आहे तो मनुष्य आपणच तर नाही ना, हे पाहावे. अर्धा तास त्यांच्याशेजारी बसावे आणि मालिका संपल्यावर लगेच उठू नये.

पूर्वी भाग संपला, की निवेदिका नमस्कार करून आपल्याला पुढील आठवड्यापर्यंत मोकळे करीत असे. तो नमस्कार आता पडद्यावरून येणार नाही. तो घरातल्या कोणीतरी करावयाचा आहे. एका हाताने रिमोट खाली ठेवून, शेजारी बसलेल्याला "तुला काय वाटते, पुढे काय होईल?" एवढे विचारले, तरी पुरे आहे.