गुंतवणूक आणि मंजूर नकाशा



दोन पैसे शिल्लक पडले की गाळा, सदनिका अथवा भूखंड घेऊन ठेवावा, ही आपल्या व्यापारी समाजाची जुनी रीत. खरेदी करताना आपण भाव पाहतो, रस्ता पाहतो, भाडे किती येईल ते पाहतो. इमारतीचा मंजूर नकाशा मात्र पाहत नाही. या चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे, म्हणूनच आज बोलण्याचे धाडस करतो.

काही वर्षांपूर्वी मी मुख्य रस्त्यावरील एका इमारतीत तळमजल्याचा गाळा घेतला. शेजारच्या गाळ्यांपेक्षा तो बराच स्वस्त होता. स्वस्त का, हे मी विचारले नाही. मोहाने विचारू दिले नाही, हे अधिक खरे. दस्त नोंदला गेला, घरपट्टीची पावती माझ्या नावे आली, भाडेकरूही मिळाला. पुढे नोटीस आली, तेव्हा कळले की मंजूर नकाशात त्या जागी वाहनतळ आहे. बांधकाम नियमित करावे म्हणून अर्ज केला. परंतु वाहनतळाची किमान जागा बंधनकारक असल्याने तो फेटाळला गेला.

त्याच सुमारास एक परिचित गृहस्थ गाळा घेण्यास तयार झाले. नोटिशीची त्यांना कल्पना नव्हती. दोन रात्री मला झोप लागली नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, सांगितला आहे. एक दोष अनवधानाने घडला होता. दुसरा जाणूनबुजून करावयाचा काय? अखेर मी त्यांच्यापुढे नोटीस ठेवली. व्यवहार मोडला. भाडेकरूची अनामत परत करून भिंती उतरविल्या. आज तेथे रहिवाशांच्या गाड्या उभ्या राहतात.

यातून जे शिकलो, ते सांगतो. नोंदणीकृत दस्त हा व्यवहाराचा पुरावा आहे, बांधकामाच्या वैधतेचा नव्हे. घरपट्टी अनधिकृत बांधकामावरही आकारली जाते. म्हणून मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याविना विसार देऊ नये. भूखंड असल्यास सात-बारा व बिनशेती वापराची स्थिती तपासावी. नकाशा हाती घेऊन जागेवर जावे. सामासिक अंतरे, मजले व वाहनतळ ताडून पाहावेत. मुंबई व काही क्षेत्रे वगळता राज्यभर २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. जाणत्या वास्तुविशारदाकडून ती समजून घ्यावी. नव्या प्रकल्पाची महारेराकडील नोंदणीही पाहावी.

“एवढी वर्षे कोणी विचारले नाही,” असे विकणारा सांगेल. त्यावर विसंबू नये. केवळ काळ लोटला वा पैसा गुंतला म्हणून अनधिकृत बांधकाम नियमित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे.

माझे नुकसान आपणांपैकी एका कुटुंबाचे जरी टळले, तरी हे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवास शुभेच्छा देऊन विराम घेतो. जय जिनेंद्र.