कोरफडीचे पाणी



अर्थकारण, संतवाङ्मय, परराष्ट्रनीती अशा विषयांच्या रांगेत कोरफडीची कुंडी आणून ठेवताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. परंतु येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या गॅलरीत, जिन्यात किंवा तुळशीशेजारी अशी एखादी कुंडी असेल, आणि ती ऐन श्रावणात सडून गेल्याचा अनुभवही काहींना असेल. असे का होते आणि ते कसे टाळावे, एवढाच आजचा विषय आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. कुंडीतली कोरफड पाण्यावाचून क्वचित मरते. ती मरते ती बहुधा पाण्याने. आपण माया करतो, आणि माया म्हणजे तांब्याभर पाणी अशी आपली समजूत असते. मोगऱ्याच्या बाबतीत ती खपून जाते, कोरफडीच्या बाबतीत खपत नाही.

याचे कारण तिच्या जन्मभूमीत आहे. कोरफड मूळची अरबस्तानाकडची. तेथे पाऊस अल्प, आणि दोन पावसांमध्ये कित्येक महिने कोरडे जातात. म्हणून पडेल ते पाणी चटकन शोषून पानांत साठवायचे आणि पुढे ते पुरवून पुरवून वापरायचे, असा तिचा संसार आहे. पानातल्या गराचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो. आपल्याकडे संस्कृतात तिला कुमारी म्हणतात. सदा टवटवीत दिसणारी ही कुमारी मोठी काटकसरी आहे.

ही काटकसर ती कशी साधते, हे समजण्यास पानफुटीची एक जुनी हकीकत उपयोगी पडेल. बेंजामिन हाइने नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ कंपनी सरकारच्या नोकरीत दक्षिण हिंदुस्थानात होते. पानफुटीचे पान सकाळी चाखले तर अंबाडीसारखे आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते, असे त्यांना आढळले. हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथात १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले इंगित पुढे उलगडले. इतर झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे उघडून हवा घेतात आणि तेव्हाच त्यांचे पाणी उडून जाते. पानफुटी, कोरफड यांसारखी मांसल झाडे ती छिद्रे मुख्यतः रात्री उघडतात. घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवतात आणि दिवसा, दारे लावून, त्याचे अन्न करतात. सकाळचा आंबटपणा तो हाच. भर उन्हातही ज्या झाडाची दारे बंद असतात, त्याचा पाण्याचा खर्च तो किती असणार?

आता मुळांकडे वळू. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या दिवसच्या दिवस पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरतात, मग बुरशी धरते आणि ती कुजतात. येथेच मोठी फसगत होते. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाने लुळी पडतात. आपणांस वाटते, झाड तहानले. आपण आणखी पाणी घालतो. म्हणजे ते पाण्यात उभे राहून तहानेने मरते! तेव्हा दोन्ही लक्षणे नीट ओळखली पाहिजेत. तहानलेल्या कोरफडीचे पान पातळ होते, आत वळते, त्यावर सुरकुत्या पडतात. पण बुडाशी ते घट्ट असते. कुजू लागलेल्या झाडाचे पान बुडाशी मऊ, पिवळट आणि पाणथळ होते, व पुढे घाणही येते.

यावर कोणी विचारील, नेमके किती दिवसांनी पाणी द्यावे? आम्ही पुढे जे दिवस सांगू ते देशावरच्या हवेचे आणि साधारण वीतभर कुंडीचे, असे समजावे. खरा निर्णय मातीचा. लाकडाची बारीक काडी दोन-तीन इंच खोल खुपसावी. ओली माती चिकटून आली तर पाणी देऊ नये. मातीच्या कुंडीला बोटाने टिचकी मारूनही कळते. कोरडी कुंडी खणखणते, ओली बद्द वाजते.

 उन्हाळ्याच्या दिवसांत आठवड्यातून एकदा पाणी पुरे, पण देताना खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्यावे. रोज चमचाभर शिंपडल्याने वरची माती भिजते आणि खालची मुळे कोरडी राहतात. वेळ सूर्यास्तानंतरची किंवा पहाटेची बरी. गाभ्यात पाणी ओतू नये. दुपारचे ऊन पाने भाजून तांबूस करीत असेल, तर कुंडी सावलीकडे सरकवावी.

पावसाळा हा खरा कसोटीचा काळ. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीस ३००० मिलिमीटरहून अधिक. शिवाय हवा दमट असल्याने माती सुकतच नाही. म्हणून मृग लागताच कुंडी छपराखाली, पण उजेडात आणि वाऱ्यावर घ्यावी. वळचणीखाली ठेवू नये. तेथे पागोळ्यांची धार पडते. देशावर तीन आठवड्यांनी माती पाहून थोडे पाणी द्यावे. कोकणात कित्येकदा महिनाभर काहीच लागत नाही. बाहेर धो धो पाऊस आणि आत कोरडी कुंडी, हे पाहवत नाही खरे. पण तेच तिच्या हिताचे असते.

आश्विनाच्या उन्हात वाढ पुन्हा जोर धरते. तेव्हा दहा दिवसांनी पाणी द्यावे, पिल्ले वेगळी करावीत, आणि कुंडी हळूहळू उन्हात न्यावी. हिवाळ्यात माती सावकाश सुकते. पंधरा ते वीस दिवसांनी, तेही सकाळी द्यावे, म्हणजे थंड रात्री मुळे ओलीत राहत नाहीत.

कुंडी मातीची असावी. तिच्या अंगातूनही ओल निघून जाते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, ती एकटी वापरू नये. तांबडी माती आणि जाड वाळू किंवा विटांचा चुरा निम्मे निम्मे घेऊन त्यात थोडे कुजलेले शेणखत घालावे. खाली बशी असल्यास तिच्यात साचलेले पाणी फेकून द्यावे.

झाड कुजू लागलेच, तर लगेच टाकून देऊ नये. ते उपटून सडका भाग निरोगी भागापर्यंत कापून टाकावा, जखम चार-पाच दिवस सावलीत सुकू द्यावी, मग कोरड्या मातीत लावून आठवड्याने पाणी द्यावे. गाभा शाबूत असेल तर पुष्कळदा नवी मुळे फुटतात. गाभा गेला असला तरी बाजूचे एखादे पिल्लू वाचते.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. कोरफडीचे पाणी घरात एकाच्याच हाती असावे. सकाळी आजी घालतात, आंघोळीनंतर सूनबाई घालतात, शाळेतून आलेला नातू बाटलीतले उरलेले ओततो. प्रत्येकाच्या मनात प्रेमच असते, आणि झाड जाते. ते आजोबांनी लावलेले असेल तर घर हळहळते, पण दोष कोणाचा हे कोणालाच कळत नाही. प्रेमाने मातीला हात लावून पाहण्याची सवय केली, तर हा प्रसंग येणार नाही. आपल्या घरच्या कुंड्यांच्या बाबतीत एवढे साधले, तर आमच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.