बेटावर गेल्यावर भाकरी कोण थापणार?

(लातूर येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)

मला आज ‘स्त्रिया आणि विश्रांती’ असा विषय दिला आहे. मी त्यातला एक साधा, व्यवहाराचा प्रश्न तुमच्यापुढे ठेवणार आहे. गेले चार महिने आमच्या भिशीत तो गाजतोय. समुद्रातल्या एखाद्या बेटावर आठ दिवस सुट्टीला जायचं, तर राहायचं कुठे? क्रूझवर, रिसॉर्टमध्ये, की भाड्याच्या घरात?

काहीजणी हसल्या. हसा, आम्हीही हसलो होतो. लातूरच्या बायकांनी पाण्याबद्दल बोलायचं म्हणजे टँकर कधी येणार, हेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणी घागरी घेऊन रांगेत होत्या. त्या बायकांनी पाणी नुसतं बघायला जायचं, भरायला नाही, ही कल्पनाच आमच्या घरच्यांना चैनीची वाटली. चैनच आहे ती. आपल्याला ती करावीशी वाटते, यात लाजण्यासारखं काही नाही.

आमच्या भिशीत तेरा जणी आहेत. दवाखान्यात आया म्हणून काम करणाऱ्या दोघी, अंगणवाडी सेविका तिघी, शिलाई करणाऱ्या, डबे आणि पोळ्या करून देणाऱ्या, एक शिक्षिका, एक निवृत्त नर्स आणि मी. पाच जणी एकट्या राहतात. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, एकीनं लग्नच केलं नाही. तीन वर्षं आम्ही या सहलीसाठी वेगळे पैसे बाजूला टाकत आलो. दोघी सोडल्या तर कुणीही समुद्र पाहिलेला नाही.

ठिकाण ठरवतानाच पहिली गंमत झाली. आपल्याकडे बाई घराबाहेर पडते ती तुळजापूरला, माहूरला, पंढरपूरला. देवाचं नाव घेतलं की कुणी अडवत नाही. आमच्यातली एक म्हणाली, “घरी रामेश्वर म्हणून सांगते की! रामेश्वर बी बेटावरच हाय.” खरंच आहे ते, पांबन बेटावर. सगळ्या खळखळून हसल्या, पण मग त्यावर दोन तास चर्चा झाली. श्रद्धेला आमचा विरोध नाही. पण देवाच्या आडून मिळालेल्या सुट्टीत उपास आला, सगळ्यांसाठी प्रसाद आणणं आलं आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही आल्या. या गोळ्या आपल्या बायका जत्रेच्या आधी कुणालाही न विचारता दुकानातून आणून खातात. आरोग्य शिबिरांत हे आपण नेहमी ऐकतो. तेव्हा ठरलं की कारण द्यायचं नाही. फिरायला जातोय असंच सांगायचं.

लक्षद्वीपला जायला आपल्या देशातल्या माणसालाही परवाना लागतो आणि राहायच्या जागा कमी. अंदमानला, आदिवासींचे राखीव भाग सोडले, तर तसा परवाना लागत नाही. शिवाय हैदराबादहून विमान आहे आणि हैदराबाद आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. म्हणून अंदमान. आता मुक्कामाचं.

सगळ्यात स्वस्त निघालं ते भाड्याचं अख्खं घर. मोबाईलवर फोटो फिरले. चार खोल्या, अंगणात नारळ आणि ‘सर्व सोयींनी युक्त’ स्वयंपाकघर. गॅस, फ्रिज, मिक्सर, भांडी. तरुण मुली खूश झाल्या. तेव्हा आमच्या सगळ्यात वडीलधाऱ्या मावशी म्हणाल्या, “अगं बाई, तिथं बी भाकरी मलाच थापायची असंल, तर हितंच बरी हाय की!”

मैत्रिणींनो, मला वाटतं या प्रश्नाचं मर्म मावशींनी एका वाक्यात सांगितलं. ते घर स्वस्त का पडतं? कारण त्याच्या भाड्यात स्वयंपाकाची मजुरी धरलेली नसते. ती घरातली बाई फुकट घालेल, हे गृहीत असतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. कुटुंब सुट्टीला जातं तेव्हा ही मिनिटं कुठे जातात? ती बॅगेत घालून बाईच नेते. चिवडा, चटण्या, पोरांचं दूध, सासऱ्यांचं पथ्य. नवऱ्याला फोटोत समुद्र मिळतो आणि तिला नवा गॅस.

“पण आपण तर सगळ्या बायकाच आहोत, पाळ्या लावून करू,” असं शिक्षिकाबाई म्हणाल्या. मुद्दा चुकीचा नव्हता. पण आमच्यात पोळ्या करून देणारी जी आहे, ती रोज दीडशे पोळ्या लाटते. तिच्या पाळीच्या दिवशी जेवण उत्तम होणार आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या म्हणणार, “तुझ्या हाताला चव आहे गं!” ती नाही म्हणणार नाही, कारण नाही म्हणायची तिला सवयच नाही. बायका-बायकांतसुद्धा कामाचा उतार गरिबीकडेच असतो. आपल्या संघटनांच्या शिबिरांत चहा कोण करतं ते आठवून पाहा.

मग क्रूझ. २०२१ पासून मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे कॉर्डेलियाच्या क्रूझ सुरू झाल्या, त्यांच्या जाहिराती सगळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यासाठी अंदमान सोडायचीही काहींची तयारी होती. खोली, जेवण, करमणूक एकाच दरात. ताटात आयतं वाढून मिळणार, भांडं घासायचं नाही. आमच्या आयांना हे फार आवडलं, आणि का आवडू नये? पण चौकशी केली तेव्हा एकेक कळत गेलं. स्वस्त खोलीला खिडकी नसते. समुद्र बघायला निघालेली बाई रात्री चार भिंतींत झोपणार. आणि बेट? लक्षद्वीपच्या उथळ प्रवाळापर्यंत मोठं जहाज जात नाही. ते बाहेर थांबतं आणि छोट्या बोटीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं, काही तासांसाठी. समुद्र खवळला तर उतरणं रद्द. गुडघेदुखीच्या मावशी हलत्या बोटीत कशा उतरणार? म्हणजे पैसे बेटाचे आणि मुक्काम जहाजाचा.

दुसरा मुद्दा तिथे राबणाऱ्या माणसांचा. आपल्याकडची मुलं, आता मुलीही, हॉटेल मॅनेजमेंट शिकून जहाजावर जातात. खलाशांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय श्रम करार आहे, भारतानं तो २०१५ साली मान्य केला. त्यात कमीत कमी विश्रांती दिली आहे चोवीस तासांत दहा तास. म्हणजे चौदा तास काम नियमात बसतं. आठवड्याला बहात्तर तासांपर्यंत. हे वाचून दाखवलं तेव्हा एक आया म्हणाली, “मंजी आपल्यासारखंच!” जगातली अनेक मोठी क्रूझ जहाजं पनामा, बहामासारख्या देशांत नोंदवलेली असतात, मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा. अशा जहाजावर भर समुद्रात एखाद्या बाईवर अत्याचार झाला तर तक्रार कुठे करायची, हा प्रश्न अमेरिकेत इतका गाजला की २०१० साली त्यांना खास कायदा करावा लागला. खोलीच्या दाराला बाहेरचं दिसणारं भिंग हवं, इतकी साधी गोष्ट त्यात लिहावी लागली.

चेन्नईहून अंदमानला सरकारी प्रवासी जहाजंही जातात, अडीच-तीन दिवस लागतात, बंकचं तिकीट स्वस्त असतं. ती करमणुकीची जहाजं नव्हेत, बेटावरच्या लोकांची एसटीच म्हणा. मला तो प्रवास मनापासून आवडला असता. पण अंगणवाडी सेविकेला जाण्यायेण्यात सहा दिवस घालवणं परवडत नाही. तिची रजा आणि तिचं मानधन दोन्ही मोजकं.

रिसॉर्टबद्दल थोडक्यात सांगते. तिथे अडचण निघाली ती आकड्याची. खोली दोघांची. आम्ही तेरा. म्हणजे एकीला एकटीनं खोली घ्यावी लागणार आणि जवळजवळ दोघींचे पैसे भरावे लागणार. क्रूझवरही तेच. पर्यटनाचा सगळा हिशोब जोडप्यात चालतो. एकटी बाई म्हणजे त्यांच्या लेखी अर्धी रिकामी खाट. आमच्यातली जी टाकलेली आहे ती म्हणाली, “एकटं ऱ्हायाचा दंड मी गावात भरतेच, तिथं बी भरू व्हय?” आणखी एक गोष्ट मला स्वतःला खटकली. अंदमानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढ लागते, कारण पाणी साठवायला जागा थोडी. अशा ठिकाणी समुद्रापासून चार पावलांवर गोड्या पाण्याचा पोहण्याचा तलाव! ज्यांनी रेल्वेचं पाणी प्यायलं त्यांना हे बघवणार नाही.

मग राहिलं काय? घरगुती मुक्काम. राहत्या घरातल्या खोल्या भाड्यानं घ्यायच्या आणि जेवणाचे पैसे वेगळे, ठरवून, लिहून द्यायचे. आपल्या कोकणात न्याहारी निवास म्हणतात तसं. पण इथेही प्रश्न संपत नाही, उलट आमच्या दृष्टीनं तो इथे सुरू होतो. आपली सुट्टी होते ती दुसऱ्या बाईनं चूल पेटवल्यावर. तिला काय मिळतं? पैसे कुणाच्या हातात जातात?

इथे एक नाव घेते. लीला दुबे. आपल्या मराठी मानववंशशास्त्रज्ञ, स्त्री-अभ्यासाच्या क्षेत्रात मोठं काम केलेल्या. त्यांनी लक्षद्वीपच्या कल्पेनी बेटावरच्या मुसलमान समाजाचा अभ्यास केला. ‘मॅट्रिलिनी अँड इस्लाम’ हे त्यांचं पुस्तक १९६९ साली आलं. तिथे कूळ आणि कुळाची मालमत्ता आईकडून चालत येत होती. लग्नानंतर मुलगी आपल्याच घरी राहायची आणि नवरा रात्री तिच्या घरी यायचा. इस्लाम पाळूनही हे चालत होतं. ज्या बेटांकडे आपण सुट्टीची जागा म्हणून बघतो तिथे घर बाईचं होतं, हे आमच्या भिशीत सांगितल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. त्याच लक्षद्वीपमध्ये २०२१ साली विकासासाठी जमीन ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार प्रशासनाला देणारा मसुदा आला, तेव्हा लोक त्याविरुद्ध उभे राहिले. रिसॉर्टची जमीन कुठून येते, हे विचारायला हवं ते यासाठी.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ‘आई’ नावाचं महिला पर्यटन धोरण आणलं. बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा त्यात आहे. चांगलं आहे, वापरावं. पण सरपंचबाईचं काय होतं ते आपण पाहिलंय. सही तिची, कारभार त्याचा. तेव्हा घर नोंदवताना पाटीवर ‘मालकीणबाई’ दिसली तरी फोन कोण उचलतं आणि खातं कुणाचं, हे विचारायचं असं आम्ही ठरवलं.

तसे आम्ही सात फोन केले. दोन ठिकाणी ‘सोबत जेंट्स कोण?’ असा प्रश्न आला. एकानं आडनावं विचारली. आडनाव कशासाठी विचारतात ते मराठवाड्यात सांगायची गरज नाही. ते फोन तिथेच ठेवले. लक्षात ठेवा, मुक्कामाला प्रत्येक प्रौढ व्यक्तीचं ओळखपत्र लागतं. नवऱ्याचं नाव किंवा लग्नाचा दाखला मागायचा कायदा नाही. शेवटी शहीद द्वीपवर दोन शेजारची घरं मिळाली. हे पूर्वीचं नील बेट, २०१८ मध्ये नाव बदललं. १९४७ नंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना तिथे वसवलं. भाजीपाला पिकवणारं बेट म्हणून त्याची ओळख आहे, त्यामुळे माळकरी मैत्रिणींचीही सोय होईल. दोन्ही घरी फोनवर बाईच बोलल्या, मोडक्या हिंदीत, आणि पैसे त्यांच्याच खात्यात जाणार आहेत. चार खोल्या; तीनमध्ये तिघी तिघी, एकीत चौघी. जादा दंड कुणालाच नाही. दुपारचं जेवण एक दिवसाआड बाहेर, म्हणजे त्यांनाही उसंत.

जानेवारीत निघतोय, तेव्हा समुद्र शांत असतो. विमान उतरतं त्या श्रीविजयपुरममध्ये, म्हणजे २०२४ पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरमध्ये, एक दिवस थांबू. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी सगळे बघतात, आम्हीही बघू. पण एकोणिसाव्या शतकात शिक्षा झालेल्या बायकांनाही त्या काळ्या पाण्यावर पाठवत आणि तिथे पुरुष कैद्यांशी त्यांची लग्नं होत. त्यांची आठवण कुठे आहे का, ते मला शोधायचं आहे.

आमच्यातल्या एकीला अजून घरून होकार नाही. तिनं तीन वर्षं एकही हप्ता चुकवलेला नाही. नवरा म्हणतो, “रामेश्वरला जा, मी पैसे देतो.” ती नाही म्हणाली, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. येत्या रविवारी आमच्यातल्या दोघी तिच्या घरी बोलायला जाणार आहेत. तिचं तिकीट तिच्या नावानं काढून ठेवलं आहे.